भारत उभा होता ती जागा

काही जागांची ओढच अशी असते की माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. बहिरू तिडक्यांचे पाय दिंडोरी रस्त्यावर दोन स्टॉप आधीच बसच्या दाराकडे वळले. मग बायको, मुलगी आणि चार खणांचा डबा घेऊन त्यांना फेब्रुवारीच्या उन्हात पाऊण तास चालावं लागलं.

"तुम्ही आला होतात ना इथे?" छाया म्हणाली.

"पाच वर्षं झाली त्याला. तेव्हा एवढी घरं नव्हती."

"घरं तर आत्ताही नाहीत," सायली म्हणाली. ती तेरा वर्षांची होती, खरं बोलायची सवय अजून सुटली नव्हती.

डब्यात खीर, वडे, कढी, भात होता. थोरला मुलगा भारत जाऊन वर्ष झालं होतं. कावीळ, अकरा दिवस, वय सतरा. सगळा देश आपली गेलेली माणसं पोचवायला गोदावरीवर येतो आणि हे नाशिकचेच लोक नदीकडे पाठ करून दिंडोरीला निघाले, याचं भटजींना फार वाईट वाटलं होतं. पण छाया बधली नाही. "बाकीचं सगळं तुम्ही म्हणाल तसं करू. कावळ्याचं पान मात्र तो उभा होता तिथेच ठेवायचं."

तो उभा होता ते असं. सत्त्याण्णव साली मुंबईची एक कंपनी बेसबॉलवर हिंदी पिक्चर काढत होती. अमेरिका परवडेना, म्हणून त्यांनी दिंडोरीजवळच्या एका पडीक माळावर अमेरिका उभी केली. हिरो लहानपणापासून डावखुरा होता आणि मुंबईहून आणलेला बालकलाकार डाव्या हाताने चेंडू फेकायचा तो थेट स्वतःच्या पायावर. भारत शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये होता आणि जन्माने डावखुरा होता. त्याला टोपी घालून पाठमोरा उभा केला. पिक्चर पंचवीस आठवडे चालला. पुढे वर्षभर लोक रविवारी पोराबाळांना घेऊन तो माळ बघायला यायचे, भेळ खाऊन परत जायचे. पिक्चरमध्ये भारतची पाठ आणि डावा हात अकरा सेकंद दिसतो. छायाने घरातली कॅसेट इतक्या वेळा मागे फिरवली होती, की नेमक्या त्या अकरा सेकंदांना आता पडद्यावर मुंग्या येत.

शूटिंगच्या दिवशी भारत म्हणाला होता, "बाबा, एकदाच या." बहिरू हो म्हणाले आणि सातपूरला कारखान्यात लेथवर ओव्हरटाइमला गेले. संध्याकाळी पोरगं दारातच उभं. "आला होतात?"

"होतो की. लांब, लिंबाखाली. तुझं लक्ष नव्हतं."

"मग बघितलं ना? तिसऱ्यांदा कसा गेला?"

"गोळीसारखा."

एवढंच बोलून थांबले असते तरी भागलं असतं. पण पुढची चार वर्षं पाहुणे आले की भारतच म्हणायचा, "बाबा, ते शूटिंगचं सांगा ना." बहिरू सांगायचे. दर खेपेला त्यात थोडी भर पडायची. शेवटी शेवटी डायरेक्टरने त्यांना खुर्ची दिली होती.

आता माळ राहिला नव्हता. सगळीकडे द्राक्षबाग, माल काढणीला आलेला. पण बांधावर लिंब होता. दिंडोरीत कुठल्याही बांधावर लिंब असतो, यावरच बहिरूंची सगळी भिस्त होती.

"मी इथे होतो," ते लिंबाला हात लावून म्हणाले. मग जराशाने दहा पावलं चालून गेले. "आणि तो इथे."

"नक्की?"

"अगं, माझ्या डोळ्यांसमोर आहे."

छायाने तेवढी जमीन हाताने झाडली, पत्रावळ मांडली आणि वाढायला घेतलं. खीर जरा जास्त वाढली. तिघं मागे सरून उभे राहिले.

कावळा आला नाही. बागेच्या ओळींवर काळ्या चकचकीत फिती ताणून बांधल्या होत्या. त्या वाऱ्याने सारख्या गुणगुणत होत्या. तेवढ्यात पत्र्याचा डबा बडवत बागेचा मालक आला. वाळूआप्पा नाव. पत्रावळ बघून त्याचा हात थांबला आणि त्याने टोपी काढली.

"कोण हो?"

"मुलगा," छाया म्हणाली. "त्या पिक्चरमध्ये होता. इथेच उभा होता."

वाळूआप्पाने लिंबाकडे बघितलं, बहिरूंकडे बघितलं. मग म्हणाला, "कावळा नाय यायचा ताई. पाखरांनी लय घोर लावला होता, म्हून या फिती बांधल्या. यांच्या आन् डब्याच्या आवाजाला पाखरू फिरकत नाय. व्हिडिओवाल्यानं दुकान बंद केलं तवा पोतंभर कॅसेटी आणल्या. सगळे पिक्चरच हायेत बघा वर."

"थांबू जरा," छाया म्हणाली.

अर्धा तास गेला. कावळा अडला की माणसं काहीतरी कबूल करतात, तसं सायली आधी पुढे झाली. "दादा, तुझा ग्लोव्ह मी कोणाला देणार नाही." फिती गुणगुणत राहिल्या. छाया म्हणाली, "सायलीला शिकवू. मी रडत बसणार नाही." लांब विजेच्या तारेवर एक कावळा होता. तो तिथेच मान वाकडी करून बसला.

"आता तुम्ही," छाया म्हणाली.

बहिरू पत्रावळीपुढे गुडघे टेकून बसले. तीस वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो. कढीवर साय धरली होती.

"भारत," ते म्हणाले. मग पत्रावळीची कड नीट केली. "मी आलो नव्हतो रे त्या दिवशी. कामावर गेलो होतो. खुर्चीबिर्ची काही नाही."

कावळा जागचा हलला नाही. खरं बोलल्याने काहीतरी घडेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. तेही मग तसेच बसून राहिले.

"माहीत आहे मला," मागून छाया म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या शर्टाला लोखंडाचा कीस होता. मीच झटकला."

बहिरूंनी मान वळवली नाही. "त्याला?"

"त्यालाही. बादलीत शर्ट त्यानेच टाकला होता. मी तुम्हाला बोलणार होते, तर म्हणाला, आई, राहू दे. बाबा सांगतात छान."

सायलीने वडिलांकडे बघायचं टाळलं आणि द्राक्षाच्या एका घडाकडे फार लक्ष देऊन बघितलं.

"मग आज मला जागा दाखवायला कशाला लावलीस?" बहिरू म्हणाले.

"म्हटलं, आज तरी सांगाल."

ऊन कलायला लागलं. तारेवरचा कावळा केव्हा उडाला ते कोणी बघितलं नाही. शेवटी वाळूआप्पानेच गोठ्यातली गाय सोडून आणली. तिने आधी वडे खाल्ले, मग भात, आणि खिरीसाठी पत्रावळही खाल्ली. छायाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डबा घासायला ती विहिरीकडे गेली. सायली तिच्या मागे गेली.

बहिरू उठले. गुडघ्यांची माती त्यांनी झटकली नाही.

"आप्पा, तुम्ही होता का हो तेव्हा?"

"व्हतो ना. आमचीच जमीन."

"एक डावखुरा मुलगा होता. लाल टोपी घातलेला."

वाळूआप्पाने आठवून बघितलं. "टोप्या समद्यांनाच लाल व्हत्या दादा."

"बरं. पण मुलं खेळायची ती साधारण इथेच ना?"

"नाय. ती पार रस्त्याच्या पल्याड. आता तिथं कोल्ड स्टोरेज झालंय." मग जरा थांबून, विहिरीकडे बघत, तो हळूच म्हणाला, "ताईंनी पान मांडलं व्हतं, म्हून बोललो नाय. हितं जेवणाचा तंबू व्हता."