मधल्याची किंमत

आम्ही तीन भावंडं. ताईला सगळं पहिल्यांदा मिळालं, धाकट्याला सगळं लाडानं मिळालं आणि मला ताईचं जुनं मिळालं. त्यामुळे कंपनीच्या तीन फोनांपैकी मधला बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. माझ्या टीमनं वर्षभर राबून असा फोन केला की एका हातात बसावा आणि बॅटरी दोन दिवस पुरावी.

मग किंमत ठरवायची बैठक लागली. आमच्या विक्रीप्रमुखांचं ‘फक्त’शिवाय पान हलत नाही, म्हणून त्यांचं नाव फक्तसाहेब. त्यांनी टेबलावर तिन्ही फोन मांडले आणि पुढे किमतीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. लहान वीस हजार, मधला अडतीस, मोठा चाळीस.

“अडतीसला मधला घेणार कोण?” मी विचारलं.

“कुणीच नाही. माणूस म्हणेल, फक्त दोन हजार टाकले की मोठा येतो. मधल्यानं फक्त शेजारी उभं राहायचं, मोठा स्वस्त दिसावा म्हणून.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमच्याकडे टेबलाचा शब्द शेवटचा. ऑफिसातल्या लोकांना एकेक करून आत बोलवायचं आणि फोन निवडायला सांगायचं, हा कंपनीचा जुना रिवाज. हिशेबनीस आले, ड्रायव्हर आला, स्वागतकक्षातली मुलगी आली. सगळ्यांनी मोठा उचलला.

“टेबल खोटं बोलत नाही,” फक्तसाहेब म्हणाले.

हिशेबनीस जाता जाता पुटपुटले, “अर्ध्या किमतीत मिळतोय तर मोठाच घेईन की.”

मी ताडकन उठले. कर्मचाऱ्यांना वर्षातून एक फोन अर्ध्या किमतीत मिळतो, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. इतकी वर्षं आम्ही गिऱ्हाइकांचं मन ओळखायला अशा लोकांना विचारत होतो, ज्यांचा निम्मा भार कंपनी उचलते.

“साहेब, ही तर आयजीच्या जिवावर बायजी उदार. खऱ्या दुकानात मांडा, आणि मधला तीसला ठेवा.”

“मोठ्याची विक्री पडेल.”

“थोडी पडेल. पण वीसवाले वर चढतील. वीसच्या फोनात आपल्या हाती राहतं काय?”

कोपऱ्यात बसलेल्या मालकीणबाईंनी चष्मा काढला. “एक दुकान, एक आठवडा. नफा वाढला तर तीस. नाही वाढला तर मधला कायमचा बंद, आणि तुझी टीमही.”

पहिल्या दिवशी मी दुकानाबाहेरच घिरट्या घालत राहिले. तिसऱ्या दिवसापर्यंत मी दुकानदाराच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले होते. लोक लहान फोन घ्यायला यायचे, मधला हातात घेऊन बघायचे, खिशाचा अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, “हाच द्या.” मोठा घेणारे मोठाच घेत होते, चारदोन सोडले तर. दुकानदारानं मधल्याचा माल दोनदा मागवला.

शेवटच्या संध्याकाळी फक्तसाहेब स्वतः आले, सोबत बायको. बाईंना फोन घ्यायचा होता, आणि साहेबांचा यंदाचा अर्ध्या किमतीचा फोन त्यांच्याच खिशात होता. म्हणजे आज पूर्ण पैसे. मला बघून ते जरा चपापले.

बाईंनी मधला उचलला, एका हातानं चालवून बघितला. “हा छान बसतो हातात. आणि तो मोठा?”

“तो फक्त दहा हजार जास्त,” साहेब सवयीनं म्हणाले.

“फक्त?” बाई म्हणाल्या.

दुकानदार हसू दाबायला खाली वाकला. साहेबांनी मोठा हातात घेतला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग हळूच जागेवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता कार्ड काढलं.

“मधला द्या,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आकडे आले आणि मालकीणबाईंनी सगळ्या दुकानांसाठी तीसवर सही केली. नफा चांगलाच वाढला होता. माझ्या टीमनं आरडाओरडा करून मजला डोक्यावर घेतला.  मी त्याच आनंदात पहिल्या खोक्यातला कोरा फोन पूर्ण किमतीत विकत घेतला. स्वतःसाठी.