पडावातला खिळा

गावाचं नाव कशाला घ्यायचं? ठाण्याहून भरतीबरोबर खाडीने वर निघालं, मुंब्र्याचा डोंगर आणि दिवा गाव मागे टाकलं, की पुढे जे बंदर लागतं, तेच हे गाव. साल अठराशे शहाऐंशी. गावाला म्युनिसिपालिटी होती, म्युनिसिपालिटीला रस्ते होते आणि रस्त्यांना खड्डे होते. ते बुजवायला दरवर्षी पावसाळा सरला की शंभर ब्रास खडी लागे आणि दरवर्षी तिचा मक्ता पोपटशेठला मिळे. अकरा वर्षं झाली, त्यात खंड नव्हता. गावात शेठपेक्षा शहाणी माणसं नव्हती असं नाही, पण शहाण्यांना मक्ता कोण देतो?

खडी मुंब्र्याच्या खाणीतून यायची, ती मात्र बायजाच्या पडावांतून. पडाव म्हणजे रुंद पोटाची, मालाची मोठी होडी. बायजाकडे तसे दोन होते. नवरा धाकू, पडावांचा तांडेल, वारल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती आणि तिचा दीर काळुराम मिळून ते चालवत होते. सुकाणू काळुरामच्या हातात असे आणि काळुराम बायजाच्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोपटशेठने तिला पेढीवर बोलावलं आणि पान लावता लावता सांगितलं, "बायजे, यंदापासून तुझे पडाव नकोत. मी तीन नवे बांधून घेतलेत. तुझे विकायचे असले तर सांग. लाकडाच्या भावाने घेईन."

पूर्वी याच बंदरातून भात जायचं, मीठ जायचं. ते सगळं आगगाडीने केव्हाच पळवलं होतं. पाण्यावर उरला होता तो दगड, आणि तोही आता गेला. काम नसलेला पडाव चिखलात पडून उन्हाने तडकतो, एका उन्हाळ्यात त्याचं सरपण होतं. मक्ता तरी मिळवायचा नाहीतर धाकूने हाताने डांबर लावलेले ते दोन पडाव या माणसाच्या चुलीत घालायचे, एवढंच बायजापुढे उरलं होतं. ती रडली नाही. तिला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं थंड होई. धाकू म्हणायचा, बाईच्या जातीला हा गुण फार वाईट.

ती उठली ती थेट म्युनिसिपालिटीच्या कचेरीत गेली. तिथे परशुरामपंत हेडक्लार्क होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी खटपट करून खरेदीचे नियम लिहिले होते. भाव मोहोरबंद लखोट्यात द्यायचा, सोबत वीस रुपये अनामत ठेवायची, लखोटे सगळ्यांदेखत फोडायचे आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला मक्ता द्यायचा. नियम सोन्यासारखे होते. पण गावचे तीन मक्तेदार आदल्या दिवशी एकत्र बसत, गुरांच्या बाजारात करतात तसा हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटं दाबून कोणी किती लिहायचं ते ठरवत. मोहोर फोडली तरी आतला आकडा शिळाच निघे. पंतांना हे ठाऊक होतं. पण रुमालाखालच्या बोटांना साक्षीदार कुठून आणणार?

"पंत, मक्त्याचा कागद मी टाकला तर चालंल?" बायजाने दारातूनच विचारलं.

पंतांनी चष्मा वर केला. "नियमात 'कोणीही' असं लिहिलं आहे. 'कोणीही पुरुष' असं लिहिलेलं नाही. ये, बस."

"मना वाचता येत नाय. तुमी वाचा."

पंतांनी जाहीरनामा वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा. सहाव्या कलमाशी तिने हात वर केला. "थांबा. काय बोललात आता?"

"'खडी बंदरावर पोच करावी व माप तेथेच द्यावे.'"

"मंग तुमी माप रस्त्याच्या कडेला कशाला घेता?"

पंतांनी ते कलम स्वतःशी पुन्हा वाचलं. अकरा वर्षं खडी बंदरावरून गाड्यांनी रस्त्यावर जायची, तिथे तिचे ढीग घालायचे आणि त्या ढिगांची लांबी-रुंदी मोजायची, हा रिवाज होता. नियम कुणी उघडून बघितला नव्हता, खुद्द नियम लिहिणाऱ्यानेही नाही.

"माझ्या पडावात तीन ब्रास मावते," बायजा म्हणाली. "गेल्या साली आमी बावीस खेपा केल्या. सहासष्ट ब्रास झाली. तुमच्या वहीत किती हाय?"

पंतांनी वही काढली. पान उलटलं. मग हळूच म्हणाले, "शंभर."

"मंग वरची चौतीस कुठून आली? ढिगाच्या पोटात चिखल असतो, पंत. मी डोळ्यांनी बघितलाय. माप पडावातच घ्या. रिकाम्या पडावात एकदा मापाच्या पेटीनं मोजून तीन ब्रास भरा आणि पानी बाहेरून जिथं टेकंल तिथं खिळा ठोका. मंग दर खेपेला फक्त खिळा बघायचा. खिळा बुडाला तर माल पुरा, नाय तर नाय."

पंतांनी दौत ओढली आणि तिचे शब्द टिपून घेतले. वीस वर्षं कागद चिवडून जे सुचलं नाही ते या बाईने पाण्याकडे बघून सांगितलं, याची त्यांना थोडी लाज वाटली आणि आनंदही झाला. "मी आजच अध्यक्षांची सही घेतो," ते म्हणाले. "पण एक आहे. मक्त्याबद्दल एकाने काही विचारलं तर त्याचं उत्तर सगळ्यांसाठी दारावर लावावं लागतं. तेही माझ्याच नियमात आहे."

बायजाचा चेहरा उतरला. "म्हंजे शेठलाही कळनार? मंग मी विचारून माझा फायदा काय?"

"एकट्याचा फायदा होऊ नये म्हणूनच तर नियम, बाई."

 बायजा पदर खोचून उठली. "लावा. पन मोठ्या अक्षरात लावा. उद्या कुनी म्हनायला नको, दिसलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद दारावर लागला. मुदत संपायला चार दिवस होते आणि ते चार दिवस बायजाने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दिवसातून दोनदा ती कचेरीवरून जाई. कागदावरचं अक्षर तिला कळत नव्हतं, पण कागद कळत होता, आणि त्याच्यापुढे कोण उभं राहतं तेही कळत होतं. पोपटशेठ रोज येई, बरोब्बर त्या कागदाखाली छत्री टेकवी, आत जाऊन चहा पिई आणि छत्री उचलून परत जाई. मान वर करावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. भाव रुमालाखाली ठरतो आणि दारावर लागतात ते कागद बिनकामाच्या लोकांसाठी असतात, ही त्याची अकरा वर्षांची समजूत होती. बायजाला वाचता येत नव्हतं म्हणून तिने तीनदा ऐकलं. त्याला वाचता येत होतं म्हणून त्याने एकदाही वाचलं नाही.

लखोटे फुटायच्या आदल्या दिवशी दुपारी काळुराम हसत हसत बंदरावर आला. "वयनी, काम झालं! शेठनं मला बोलावलेला. रुमालाखाली हात धरला. आपन दहा लिहायचं, तो नऊ लिहिनार. बाकीचे दोघं आपल्या वर. मंग आपले पडाव तो भाड्यानं ठेवनार. मी हात दाबून हो म्हटलं."

"एका सालासाठी ठेवंल. पुढच्या साली?"

 बायजाला त्याचा राग आला नाही, कीव आली. तोही पडावांसाठीच घाबरला होता. "भावोजी, बोटं तुमची, पन लखोट्यावर निशाणी माझी. मी आठ लिहिनार. जा, शब्द परत देऊन या."

"रुमालाखालचा शब्द परत द्यायचा? आनि आठ लिहिनार हेही त्याला सांगायचं?"

"आकडा सांगू नका. दहा लिहिनार नाय, एवढं सांगा. शब्द दिलेला तसाच ठेवून पाठीमागनं मोडला तर आपल्यात आनि त्याच्यात फरक काय ऱ्हायला?"

काळुराम गेला आणि तोंड पाडून परत आला. शेठ खो खो हसला होता म्हणे. "सांग तुझ्या वयनीला, लिही म्हणावं काय वाट्टेल ते. तिच्याखाली मी जाईन!" असं म्हणाला होता.

लखोटे सोमवारी दुपारी फुटले. कचेरीत सभासद होते, मक्तेदार होते, फुकटचा तमाशा बघायला अर्धा बाजार होता आणि दाराजवळ बायजा उभी होती. अध्यक्षांनी लाखेची मोहोर फोडली. पहिल्या मक्तेदाराचे अकरा रुपये ब्रासला. दुसऱ्याचे साडेदहा. तिसरा लखोटा बायजाचा होता. आत आठ रुपये, आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी. लिहिता न येणारी बाई कागदावर बांगडी काढते, पण बायजाने पडावाचा लोखंडी नांगर काढला होता. लोक हसले. चौथा लखोटा पोपटशेठचा.

"सहा रुपये," अध्यक्षांनी वाचलं.

बाजार एकदम बोलायला लागला. सहा रुपयांत खडी कुणी पाहिली नव्हती. बायजाने मात्र मनात हिशेब केला. ढिगात तिनाची साडेचार करणाऱ्याला सहा रुपये म्हणजे नऊच पडतात. शेठ खुर्चीत रेलून मिशीवरून बोट फिरवत होता. काळुरामने मान खाली घातली.

परशुरामपंत उभे राहिले. "सर्वांत कमी भाव पोपटशेठचा. नियमाप्रमाणे मक्ता त्यांचा. सहीपूर्वी अटी वाचतो." पाच कलमं ऐकताना शेठने जांभई दिली. मग पंतांनी सहावं वाचलं. "'खडी बंदरावर पोच करावी. माल उतरण्यापूर्वी माप पडावातच, खिळ्याच्या खुणेवर घेतले जाईल.'"

शेठची जांभई अर्ध्यात राहिली. "हे कधी ठरलं?"

"चार दिवस दारावर आहे."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कागद तिथे होता, मोठ्या अक्षरांचा, आणि त्याच्याखाली शेठची छत्री टेकलेली होती. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"अकरा वर्षांचा रिवाज आहे!" शेठ ओरडला.

"रिवाज तोंडी असतो, शेठ. हे लेखी आहे," पंत म्हणाले.  तीन वर्षं ते या दुपारची वाट बघत होते.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "पोपटशेठ, खिळ्याच्या मापाने सहा रुपयांत देता की नाही? एवढंच सांगा."

शेठचे ओठ हलत होते. पुरी शंभर ब्रास खरीखुरी खडी सहा रुपयांनी द्यायची म्हणजे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या. तो छत्री घेऊन उठला. पंतांनी वहीत लिहिलं, अनामत जप्त. मग मोठ्याने वाचलं, "पुढचा कमी भाव आठ रुपये. बायजा, धाकू तांडेलाची विधवा. बाई, मक्ता तुझा. मुदत एक महिना."

बाहेर आल्यावर काळुरामला रडू फुटलं. मग त्याला भान आलं. "वयनी, शंभर ब्रास म्हंजे तेहेतीस-चौतीस खेपा. भरलेला पडाव मोठ्या भरतीलाच वर चढतो, महिन्यात आठ दिवस. दोन पडावांत सोळा खेपा होतील. बाकीच्या?"

"शेठचे तीन नवे पडाव हाय ना," बायजा म्हणाली. "आता त्याच्याकडं दगड नाय. नवा पडाव कुनी चिखलात ठेवत नाय, भावोजी. मी आठ लिहिलं तवाच ते तीन धरून लिहिलं."

अमावास्येच्या भरतीला शेठ बंदरावर आला. पंधरा दिवस वाट बघितली असावी. बायजासमोर उभा राहून इकडेतिकडे बघितलं, मग काळुरामकडे वळून खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला.

"रुमाल खांद्यावर ऱ्हाऊ द्या, शेठ," बायजा मध्येच म्हणाली, हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात. "भाडं तोंडानं सांगा."

शेठ लाल झाला. पण भरती कुणासाठी थांबत नाही. "खेपेला... साडेचार रुपये."

"चार."

शेठने पाण्याकडे बघितलं, मग आपल्या कोऱ्या पडावांकडे. "बरं. चार."

"दिले. रोख, खेप उतरली की." दुसऱ्या दिवशीच्या भरतीला खाणीवर पेटीने मोजून भरलेला त्याचा पहिला पडाव बंदराला लागला, तेव्हा बायजाने ओटीतून मूठभर खिळे काढले आणि ती गुडघाभर चिखलात उतरली. पाणी टेकलं होतं तिथे बोट ठेवलं, काळुरामच्या हातून हातोडा घेतला आणि शेठच्या नव्याकोऱ्या फळीत खिळा तिने स्वतः ठोकला.