साबातोची चव

माझे पणजोबा कार्मिने फुसारो नेपल्सच्या मागच्या डोंगरातून समुद्र ओलांडून प्रॉव्हिडन्स शहरात आले, तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं की त्यांना मोझरेला चीज करता येत होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. सुरुवातीला ते बादलीत चीजचे गोळे घेऊन आमच्या टेकडीवरच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचे. मग दुकान झालं आणि दारावर पाटी लागली: ‘कार्मिने फुसारो आणि मुलगे’. मुलगे दोन होते. एक लहानपणीच न्यूमोनियाने गेला, उरले साबातो, माझे आजोबा. पाटी तशीच राहिली.

पणजोबांचा एक नियम होता. मागच्या खोलीत, दुधाच्या कढईपाशी, बायकांनी यायचं नाही. बायकांच्या हाताने दूध बिघडतं, असं ते म्हणत. गावी त्यांची आईच चीज करायची, हे आजी आम्हांला हळूच सांगायची.

आजोबांनी तो नियम पुढे चालवला. त्यांना मुलं दोन, ओराझिओ आणि आस्सुन्ता. ओराझिओमामा शाळा सुटल्यावर मागे कढईवर आणि माझी आई आस्सुन्ता पुढे गल्ल्यावर, अशी वाटणी कुणी न ठरवताच झाली. मामाला त्या कामाची आवड नव्हती. कढत पाण्यात हात घालून घट्ट झालेल्या दुधाचा गोळा ताणायचा, म्हणजे हाताची सालं निघतात. पण तो वडिलांसमोर कधी तोंड उघडत नसे. आईला आवड होती, ती कुणी विचारली नाही. तिचं लग्न झालं, मी झाले, तरी ती रोज गल्ल्यावर उभी राहायची.

एका हिवाळ्यात दुकानामागच्या बर्फावर पाय घसरून आजोबा पडले. डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. बरेच दिवस ते अंथरुणात होते. उठले ते आधी मागच्या खोलीत गेले, कोट उतरवला आणि मामाला म्हणाले, “सरक.”

त्यानंतर चीज बिघडायला लागलं. कधी खारट, कधी अळणी. पहिली बोलली ती एर्सिलियाबाई. ती विधवा, पणजोबांच्या वेळेपासूनची गिऱ्हाईक, तिच्या जिभेला सगळी टेकडी घाबरायची.

“साबातो,” ती पुढून ओरडली, “काल मला चीज दिलंस की समुद्र? पाणी पिऊन पिऊन रात्र गेली माझी!”

“वय झालं तुझं, बाई!” आजोबा आतून ओरडले. “तोंडाची चव गेली असेल!”

“माझी चव जाईल तेव्हा मला पुरायला या. तोवर मीठ बघून घाल.”

गिऱ्हाइकं हसली. आजोबा हसले नाहीत. आईने ते बघितलं. घरीही ती बघत होती. आजोबा कॉफी पिताना पूर्वीसारखा कप नाकाशी नेत नव्हते. करपलेला पाव निमूट खात होते. एकदा आजीने सॉसमध्ये मीठ टाकलंच नव्हतं, तर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि आजोबांनी आणखी वाढून घेतलं.

ईस्टरच्या आधीचा आठवडा आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा. घरोघर रिकोटाचे, म्हणजे मऊ, रवाळ चीजचे, गोड केक आणि चीज भरलेल्या जाड भाजक्या पोळ्या होतात, दुकानाबाहेर रांग लागते. त्या गुरुवारी सकाळी दुधाचे कॅन कढईत रिकामे केले आणि आंबूस वास पुढच्या खोलीपर्यंत आला. आई गल्ला सोडून मागच्या दारात गेली. उंबरठ्यावर थांबली.

“पप्पा, दूध नासलंय.”

आजोबांनी कढईत बोट बुडवून चाखलं. “चांगलंय.”

“पप्पा, इथवर वास येतोय.”

“तू मला शिकवणार? बापाला? जा, पुढे गिऱ्हाईक बघ.” मग ते मामाकडे वळले. “ओराझिओ, तू चाख.”

मामाने चाखलं. वडिलांच्या तोंडाकडे बघितलं.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

दुपारपर्यंत सगळं वाया गेलं होतं. गरम पाण्यात गोळा ताणायला घेतला की तो हातातच भुगा व्हायचा. मामाने एक गोळा टाकला, दुसरा घेतला, तोही गेला. बाहेर रांग उभी होती. आईने पुढे जाऊन सांगितलं की कढईच्या शेगडीत बिघाड झालाय, उद्या या. मग दार लावून ती परत आली, आणि या वेळी उंबरठा ओलांडून थेट आत गेली.

आजोबा उलट्या ठेवलेल्या कॅनवर बसले होते. ते म्हणाले, “पडल्यापासून वास येत नाही. चवही लागत नाही, कशाचीच. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाला, येईल किंवा नाही येणार. त्याला काय, मीही सांगितलं असतं एवढं.”

आईने मामाकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“संशय होता.”

“मग मघाशी ठीक आहे का म्हणालास?”

“तुला जमतं त्यांना सांगायला,” मामा म्हणाला. “मी आयुष्यात त्यांना नाही म्हटलंय का कधी?”

दुसऱ्या दिवशी नवीन दूध आलं. आई कढईपाशी उभी होती आणि कुणी तिला पुढे जा म्हटलं नाही. आजोबांचे हात, आईची चव, असं काम सुरू झालं. गोळा कधी काढायचा ते त्यांची बोटं सांगायची. दूध, मीठ, चीज ठेवायचं खारं पाणी ती बघायची. बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, हे ठरलं. गल्ल्यावर आजी बसली.

त्या उन्हाळ्यात मामाने सिटी बसच्या ड्रायव्हरची परीक्षा दिली आणि पास झाला. आजोबांना त्याने ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं. आजोबा म्हणाले, “बस?” बराच काळ दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मामाला योगायोगाने आमच्याच रस्त्याचा मार्ग मिळाला. शनिवारी तो दुकानासमोर बस थांबवायचा, उतरायचा, मोझरेला घ्यायचा. आत प्रवासी खोळंबलेले.

“ओराझिओ, आम्हांला घरी जायचंय रे!” कुणीतरी खिडकीतून ओरडायचं.

“चीज संपलं की तुम्हीच बोंबलाल!”

एका शनिवारी मामा उतरायच्या आत आजोबाच पुडकं घेऊन बसच्या दारात गेले. “हे घे. आणि ब्रेक हळू दाब. सगळे धडपडतात, मी बघतो रोज.” त्यानंतर ते बोलायला लागले.

आईचं चीज आजोबांच्या चीजपेक्षा कमी खारट होतं. जुन्या लोकांना ते कळलं. एर्सिलियाबाईने तर तोंडावर विचारलं, “काय गं, हे साबातोसारखं लागत नाही.”

“नाही लागत,” आई म्हणाली. “माझ्यासारखं लागतं.”

एर्सिलियाबाईने आणखी एक तुकडा तोंडात टाकला, आणि नेहमीपेक्षा जास्त घेतलं.

आजोबांची वासाची आणि चवीची जाण परत आली नाही. पण रोज पहिला गोळा कापला की ते एक तुकडा तोंडात घालायचे आणि आईला विचारायचे, “कसं झालंय?” आमच्या घरात पूर्वी चीजबद्दल कुणी चांगलं किंवा वाईट यापलीकडे बोलत नसे. आईला शब्द शोधावे लागले. “आज सुरुवातीला गोडसर आहे,” ती सांगायची, “मग ओल्या गवतासारखं काहीतरी येतं. शेवटी किंचित आंबट, लिंबाच्या सालीसारखं.” ते डोळे मिटून सावकाश चावत राहायचे. ती बोलायची थांबली की गिळायचे.

शेवटच्या वर्षी ते खुर्चीवरच बसून असत. एका सकाळी दूध पाणचट आलं होतं. त्यांना कशाला त्रास, म्हणून आईने नेहमीचं वर्णन केलं: गोड, गवत, सगळं.

आजोबांनी तुकडा तोंडातून काढून बोटांत दाबला.

“खोटं बोलतेस,” ते म्हणाले. “दूधवाला बदल.”

तिने बदलला. आता कढईवर मी असते. पुढे गल्ल्यावर ओराझिओमामाचा नातू बसतो. त्याला मागे यायचं आहे म्हणतो. ये म्हटलंय, आधी हात पोळून बघ.