वाणाचा डबा

वाणात आलेली भांडी मराठी घरात किती दिवस टिकतात, हे रायपूरच्या पोलिसांना कुठून ठाऊक असणार? कौमुदीला मात्र ठाऊक असायला हवं होतं.

चौबे कॉलोनीतल्या तिच्या घरी चोरी झाली. स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या आईच्या पाटल्या डब्यासकट गेल्या. पाटल्या सापडल्याच नाहीत. डबा सापडला, तोही कूलर दुरुस्त करणाऱ्या लहानूच्या घरी. त्यावर कोरलं होतं, 'सौ. कौमुदी'. कोर्टात तिनं नाव वाचलं आणि छातीठोकपणे सांगितलं, हाच. लहानूची आई अंजनाबाई चार घरची कामं करते. ती सांगत राहिली, कामाच्या घरच्या कोण्यातरी बाईनं दिला, कोणत्या ते आठवत नाही. कोणी ऐकलं नाही. पोराला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यानं अपील केलं.

मग एक दिवस शेजारच्या अर्चनाकडे चहा करताना साखरेचा डबा पुढे आला. त्यावरही 'सौ. कौमुदी'.

"हा कुठला गं?"

"तुह्या संक्रांतीच्या वाणाचा. मले एक, सासूले एक. दुसरा अंजनाबाईले देऊन टाकला."

"मग तेव्हा काहून नाही बोलली?"

"तुहं वाण कामवालीले दिलं, हे तुले कसं सांगू? वाईट वाटलं असतं ना तुले."

कौमुदीला हसावं की रडावं कळेना. तिनं तरी लोकांची वाणं काय देव्हाऱ्यात ठेवली होती? आणि पाटल्या ठेवल्या होत्या त्या वाणातूनच उरलेल्या डब्यात.

घरी नवरा, सुधाकर, वैतागला. "पोट्टा सुटला तं पाटल्यांची आसच संपली. काहून नसती आफत ओढवून घेऊन राहिली?"

खरंच होतं ते. लहानूनं चोरी केली नाही, असं यातून सिद्ध होत नव्हतं. पण केली, असंही होत नव्हतं. एवढ्यावर कोणाचं पोर आत ठेवायचं?

दोघी मैत्रिणी लहानूच्या वकिलाकडे गेल्या. अपिलात न्यायाधीशांनी अर्चनाची साक्ष घेतली आणि कौमुदीला पुन्हा विचारलं. "यह डिब्बा आपका है?"

कौमुदीनं डबा उलटसुलट पाहिला. "नाम मेरा है, साहब. डिब्बा किसका है, मैं नहीं कह सकती."

लहानू सुटला. आईच्या पाटल्या आता कायमच्या गेल्या, म्हणून कौमुदी बाकावर बसून रडली. कोर्टाच्या बाबूनं येऊन विचारलं, दीदी, डबा कोणाला द्यायचा?

तिनं डोळे पुसले आणि अंजनाबाईकडे बोट केलं.

"त्यांचा आहे. दिलेलं वाण परत घेत नाहीत."