धुतलेली जेझा

"येशू-मारिया! ही ओली कशी?"

गेनोवेफाचा हात पिपात होता तसाच थिजला. जेझा म्हणजे राईचं पीठ आंबवायचं, मळायचं ओकच्या लाकडाचं पीप. आज ते आतून चक्क गुळगुळीत लागत होतं, आणि साबणाचा भपकारा येत होता. तिच्या आईनं, आजीनं त्याला कधी पाणी लावलं नव्हतं. फळ्यांना चिकटून राहिलेल्या जुन्या पिठानंच दर शनिवारचा पाव फुगायचा.

"वॉर्सॉहून बाई यायच्या म्हणून घासली," सून बोझेना म्हणाली. "कसली कळकट होती, आई! लाज वाटली मला. साबण-सोडा टाकून घासता घासता हात मोडून आले."

"हात मोडले? अगं करंटे, घर मोडलंस माझं!"

एवढं बोलून ती बाकावर मटकन बसली.

वॉर्सॉहून आलेली, शब्दांची मुळं शोधणारी अल्दोना टेबलाशी अवघडून उभी होती. "काकू, मी नंतर येऊ का?"

"आलीच आहेस तर सांग, पोरी. कुठनं आला हा जेझा शब्द?"

"आपण पोलिश, रशियन, सगळे स्लाव लोक एक होतो तेव्हा 'द्येझा' म्हणत असावेत. लिहिलेला कुठेच नाही. आजचे शब्द ताडून बघून आम्ही तो बांधलाय." अल्दोना जरा घुटमळली. "मुळात अर्थ मळणं, माती लिंपणं. त्याच मुळातून तिकडे हिंदुस्थानात देह हा शब्द झाला."

"देह म्हणजे?"

"अंग, काकू. माणसाचं शरीर."

गेनोवेफा पिपाकडे बघतच राहिली.

बोझेनाला रडू फुटलं. "आई, शेजारून आंबवण आणते ना मी!"

"आण. पाव होईल गं. पण मळून झालं की आई बोटं खरवडून त्या कडेला पुसायची. तेवढीच उरली होती ती माझ्यापाशी."

मग ती उठली. फडक्यानं पीप आतून टिपून कोरडं केलं, अगदी हळू, आईला शेवटचं पुसलं होतं तसं. स्वतःच्या मरणासाठी पेटीत जपून ठेवलेली पांढरी चादर काढली आणि पिपावर घातली.

"बोझेना, खिडकी उघड, माणूस गेल्यावर उघडतात तशी," ती म्हणाली. "जाऊ दे तिला आता."