कोऱ्या चिठ्ठ्यांची खोली

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आश्रुबा दुधाटे लोखंडी खुर्ची घेऊन ग्रंथालयाच्या तिसऱ्या खोलीच्या दारात बसला. दार उघडंच होतं. पण आत जायचं तर त्याला उठवावं लागलं असतं.

बाहेर पायरीपाशी रद्दीचा टेम्पो लागला होता. टेम्पोवाला बालाजी रिकाम्या पोत्यांची चवड खांद्यावर घेऊन आत आला आणि खुर्चीपाशी थांबला.

"मामा, सरका जरा."

"न्हाई सरकत."

"मग मी काय करू? दुपारून ताडकळसला भाडं हाय माझं."

"जाय की मग तिकडं. कोन धरलंय तुला?"

ग्रंथपाल मंजुषा सोळंके यादी घेऊन टेबलामागून उठली. या महाविद्यालयात येऊन तिला पाच महिने झाले होते. आश्रुबा इथे सत्तावीस वर्षं परिचर होता. पुस्तकं काढून देणं, जागेवर लावणं, झटकणं हे त्याचं काम. पाच महिन्यांत दोघांमध्ये कामाशिवाय एक वाक्य झालं नव्हतं. कामाचंही ती कागदावर लिहून देत असे, कारण तोंडी सांगितलेलं ऐकू आलं नाही, असं तो प्राचार्यांसमोर दोनदा म्हणाला होता.

यादीत चारशे सव्वीस पुस्तकं होती. गुरुवारी मूल्यांकन समिती येणार होती आणि तोवर तिसरी खोली रिकामी करून तिथे संगणक मांडायचे होते. कोणती पुस्तकं बाद करायची हे मंजुषाने मनाने ठरवलं नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो. पंधरा वर्षांत शिक्का नाही, ते पुस्तक बाद. तिसऱ्या खोलीतली एकूण एक चिठ्ठी कोरी होती.

"दुधाटे, उठा," ती म्हणाली.

"ही पुस्तकं वाचतेत लोक."

"एकाही चिठ्ठीवर शिक्का नाही."

"कसा असंल? ह्या खोलीतलं पुस्तक भाईर द्यायचंच न्हाई, असा तात्याराव सरांचा नियम व्हता. हितंच बसायचं, वाचायचं, ठिवायचं. सरांनी जपून ठिवलं तेच तुमी काढायलात."

तात्याराव आधीचे ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत ते वारले होते. त्यांचा हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मात्र एका खोलीतल्या चिठ्ठ्या एकजात कोऱ्या कशा, हे मंजुषाला यादी करतानाच खटकलं होतं.

"इथे बसून वाचणाऱ्यांची नोंदवही कुठे आहे?"

"न्हाई ठिवली."

"मग एखादं नाव सांगा."

"बन्सीधर मास्तर."

"ते गेले की, मामा," बालाजी म्हणाला. "चार वर्षं झाली. त्यांच्या घरची पुस्तकं मीच नेली."

"तू गप."

"दुसरं नाव," मंजुषा म्हणाली.

आश्रुबाने मान वळवली. "नाव कशाला पायजे? जाऊन बघा. वाचलेलं पुस्तक हाताला कळतंय. तुमाला कळत असंल तर."

तो उठला नाही. त्याने पाय तेवढे आखडून घेतले. मंजुषा खुर्ची आणि चौकट यांच्यामधून अंग चोरून आत गेली.

डाव्या भिंतीला इतिहास होता, त्यात निजामाच्या काळातली काही उर्दू पुस्तकं. समोर चित्रांची मोठी, जड पुस्तकं. खिडकीकडे पक्षी, गवतं, झाडं. दाराशेजारी कविता आणि नाटकं. तिने हाताला येईल ते काढलं. न वाचलेलं पुस्तक उघडताना करकरतं, पानं एकमेकांना धरून राहतात. ही पुस्तकं आपोआप उघडत होती.

पक्ष्यांच्या पुस्तकात समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा दुधनेच्या पात्रात पाहिला. जोडी होती. डिसेंबर २००८.' हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात, पोलीस ॲक्शनच्या पानावर, 'आजा म्हणायचा, आमच्या गावात हे दोन दिवस आधी झाले. कुणाला विचारावे?' एका लांब कवितेखाली, 'उगीच वाढवली आहे.' लेण्यांतल्या चित्रांच्या पुस्तकात एका स्त्रीच्या चित्रालगत, 'हातातले फूल नीट दिसत नाही. भिंग आणावे.'

तिने वीसेक पुस्तकं पाहिली, मग आणखी तितकीच. वर्षं वेगळी होती, पण अक्षर एकच होतं, डावीकडे कललेलं. हेच अक्षर तिने रजेच्या अर्जांवर पाहिलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा साडेबारा झाले होते. चित्रांचं पुस्तक तिच्या हातात होतं.

"लोक वाचतात म्हणालात. लोक नाहीत. एकच माणूस आहे."

तिने पान उघडून मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मग? आणलं का भिंग?"

"आणलं. मागल्या बाजूला लिवलंय. कमळ न्हाई ते."

बालाजीला हसू आलं. मंजुषाचा चेहरा पाहून त्याने ते आवरलं.

"पुस्तकात लिहू नये, असा नियम आहे. ठाऊक आहे ना?"

"त्याचा बोर्ड म्याच रंगवलाय."

"आणि कर्मचाऱ्यानेच लिहिलं तर?"

आश्रुबाच्या निवृत्तीला चौदा महिने होते. चौकशी लागली की ती संपेपर्यंत पेन्शन अडकते, हे दोघांनाही माहीत होतं. प्रयोगशाळेतल्या एका परिचराची तशी तीन वर्षं अडकलेली होती.

मंजुषाने पुस्तक मिटलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"यादी रद्द करायची तर ही पुस्तकं वापरात होती याचा पुरावा लागतो. शिक्के नाहीत, नोंदवही नाही. तुमचं हे लिखाण तेवढं आहे. ते कुणाचं, हे कागदावर आलं तर पुरावा. नाही आलं, तर ही नुसती खराब केलेली पुस्तकं. ती टेम्पोत जातील."

"म्हंजे मी लिवून द्यायचं."

"वाचली मी, लिहिलं मी, आणि खाली सही. यादी मी थांबवते. तुमचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. असतं तरी मी मधे पडले नसते."

"मला घालवायचंच ठरवलंय तुमी."

"मला पाच वाजेपर्यंत या खोलीचा निकाल लावायचा आहे. कसा, ते तुम्ही ठरवा."

तिने कोरे कागद त्याच्या मांडीवर ठेवले आणि ती टेबलाकडे गेली.

बालाजी खुर्चीपाशी उकिडवा बसला. "मामा, लिवू नका," तो हळू म्हणाला. "चौदा म्हैने राह्यलेत. पुस्तकं मी नीट नेतो, एक पान फाटू देत न्हाई."

"नेऊन काय करशील?"

"वजन."

आश्रुबाने खिशातून पेन काढलं.

एक वाजता त्याने लिहायला सुरुवात केली. जेवणाचा डबा उघडला नाही. बालाजीने ताडकळसला फोन करून उद्यावर ढकललं आणि व्हरांड्यात आडवा झाला. अडीच वाजता आश्रुबा आणखी कागद मागायला आला; मंजुषाने दिले. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने सहा पानं तिच्या टेबलावर ठेवली.

पहिली पाच पानं नुसती आकड्यांची होती. पुस्तकांचे दाखल क्रमांक, एकाखाली एक, कपाटांच्या क्रमाने. या तीन तासांत तो खोलीत गेला नव्हता. मंजुषाने यादी शेजारी घेतली. मधूनमधून तपासायचं तिने ठरवलं होतं, सगळेच तपासले. एकही चुकला नव्हता.

सहाव्या पानावर लिहिलं होतं, 'वरील चारशे नऊ पुस्तके मी कामाची वेळ सांभाळून वाचली आहेत. समासात पेन्सिलीने लिहिलेले माझे आहे. त्याबद्दल होईल ती कारवाई मान्य आहे. बाकी सतरा पुस्तके उर्दू आहेत. ती मला वाचता येत नाहीत. ती राहू द्यावीत, कुणाला तरी येत असेल. वाचलेल्यांपैकी अकरा पुस्तके ठेवण्याच्या लायकीची नाहीत. त्यांच्यावर खूण केली आहे. ती न्यावीत.'

मंजुषाने खुणा पाहिल्या. एका क्रमांकावर तिचं बोट थांबलं.

"हे मला एम. ए.ला अभ्यासाला होतं."

"मग तर न्याच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सहाव्या पानाच्या तळाशी लिहिलं, 'सर्व क्रमांक पडताळले. बरोबर आहेत.' खाली सही केली, तारीख घातली.

आश्रुबा आत गेला. अकरा पुस्तकं काढायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याने ती स्वतःच टेम्पोत नेऊन ठेवली.

"एवढंच?" बालाजीने विचारलं. "ह्याच्यासाठी दिवस बसवलं व्हय मला?"

"तेरा व्हती. दोन परत वाचल्यावर बरी वाटली."

पाचला पाच कमी असताना टेम्पो गेला. सहा पानं आवक नोंदवहीत चढली आणि शिपायाने ती प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. प्राचार्य बैठकीसाठी परभणीला गेले होते. मंगळवारी ते आले, कागद वाचले, मंजुषाला बोलावून पाच मिनिटं बोलले. ती ग्रंथालयात परतली तेव्हा आश्रुबा तिसऱ्या खोलीत पुस्तकं झटकत होता.

बुधवारी अकरा वाजता संगणकांची खोकी आली. तिसऱ्या खोलीत जागा नसल्यामुळे ती व्हरांड्यात उतरवून घेतली. दुपारी चारपर्यंत सहाव्या पानावर मंजुषाच्या सहीखाली प्राचार्यांनी काहीही लिहिलेलं नव्हतं, ना मंजुरी, ना चौकशी.