भरलेली बाटली

"आवकताईंना कशाला विचारता? त्यांच्यानं होणार नाही!"

दर वर्षी सहलीची यादी निघाली की नकाशा कार्यालयात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणायचंच. आवकताई म्हणजे आवक-जावकीच्या टेबलावरच्या बाई. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि वहीत नोंद करायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. वजन जरा जास्त, गुडघे जरा कुरकुरणारे. जिना चढताना त्या कठड्याशी गप्पा मारत चढतात, असं आरेखक म्हणायचा आणि त्यावर सगळ्यांत आधी त्याच हसायच्या.

हसणाऱ्या माणसाला काही लागत नाही, असं आपण किती सोयीनं धरून चालतो!

या वर्षी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं यादीत नाव लिहिलं. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि सहल होती काळ्या डोंगरातल्या धबधब्याची.

"साहेब, या धबधब्याच्या फायलीवर मी एकतीस वर्षं शिक्के मारतेय," त्या म्हणाल्या. "वाटेची दुरुस्ती, कठडा, फलक, सगळे कागद माझ्याच हातून गेले. तो आहे तरी कसा, ते एकदा डोळ्यांनी बघू द्या."

साहेबांना नाही म्हणवेना. साहेब तसे वाईट नव्हते हो. कामाला वाघ, मनानं मोकळे. फक्त इतरांच्या नाकावर राग असतो, तशी त्यांच्या नाकावर घाई असायची. बैठक सुरू होते न होते तोच "चला!" म्हणून उठायचे. पाठीमागे सगळे त्यांना घाईसाहेब म्हणत आणि हे त्यांनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी सातजण डोंगराच्या पायथ्याशी उतरले. तो सगळा मुलूखच कधीकाळी ज्वालामुखीनं ओकलेला. समोरचा डोंगर काठ फुटलेल्या मडक्यासारखा, दगड भोकाभोकांचे आणि पायाखाली काळी रेव. दोन पावलं वर टाकावीत तर एक पाऊल खाली घसरावं, अशी वाट. दुपारी चारची बस शेवटची होती.

वाटाड्या साठीचा, काटक माणूस. त्यानं सगळ्यांवर एक नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस पुढे घ्या. बाकीचे त्याच्या मागून."

"मग काका, धबधबा आटल्यावरच पोचू आपण!" साहेब म्हणाले आणि सगळे हसले.

वाटाड्या हसला नाही. "वाट एकच आहे, चुकायची नाही. तुम्ही व्हा पुढे. मी मागे राहतो," एवढंच तो म्हणाला.

झालं! पुढची मंडळी सुसाट सुटली. पहिल्या झऱ्यापाशी पोचल्यावर साहेबांनी मागे बघितलं, तर आवकताई दोन वळणं खाली. "थांबू या त्यांच्यासाठी," साहेब म्हणाले. मंडळी दगडांवर बसली. डबे उघडले, फोटो निघाले, कुणी बूट काढून पाय पाण्यात सोडले. पंधरा मिनिटांनी वळणावर काठी दिसली आणि मागून लालबुंद चेहरा. "आल्या, आल्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पँट झटकली आणि म्हणाले, "चला!"

पुढे विवराच्या काठाशी हेच झालं. मग मोठ्या खडकापाशीही तेच. चौथ्या वेळी मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये थांबली. आवकताई आल्या तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते. साहेबांनी घड्याळात बघितलं.

"ताई, पुढचा चढ फार उभा आहे. तुम्ही इथंच बसा. येताना तुम्हाला बरोबर घेऊ. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"बरं साहेब," त्या लगेच म्हणाल्या. आयुष्यभर 'बरं' म्हणायची सवय असलेल्या माणसाचं ते 'बरं' होतं. मग त्यांनी डोंगराकडे तोंड फिरवलं. पलीकडून पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. "आवाज तरी ऐकला. तेवढंही पुष्कळ झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मंडळी उठली. पण वाटाड्या जागचा हलला नाही.

"साहेब, एक विचारू? सकाळपासून तुम्ही किती वेळा बसलात?"

"चार वेळा. यांच्यासाठीच तर थांबत होतो!"

"आणि या किती वेळा बसल्या?"

साहेब बोटांवर मोजायला लागले.

"एकदाही नाही!" वाटाड्या म्हणाला. "या येईपर्यंत तुम्ही बसायचात आणि या आल्या की उठायचात. म्हणजे जे दमले नव्हते त्यांना चारदा विश्रांती आणि जी बाई दमली होती तिला एकदाही नाही. वर तुम्हीच म्हणायचं, आम्ही थांबलो! खोटं वाटत असेल तर त्यांच्या हातातली बाटली बघा."

साहेबांनी बाटली हातात घेतली. उन्हानं पाणी कोमट झालं होतं, पण बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"ताई, पाणीसुद्धा प्यायला नाहीत?"

"झाकण उघडेपर्यंत तुम्ही 'चला' म्हणायचात ना," आवकताई ओशाळून म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. "आणि चालता चालता प्यायला गेलं की मला ठसका लागतो."

आरेखकानं मान खाली घातली.

वाटाड्याचा आवाज आता मऊ झाला. "तीस वर्षं मी या वाटेनं माणसं नेतोय. एकदाही न बसता इथवर चढून आलेलं माणूस क्वचितच बघितलं. आता तुम्हीच सांगा साहेब, तुमच्या सातजणांत खरा दम कोणाचा?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. शेडमधल्या बाकावर त्यांनी स्वतःचा रुमाल अंथरला, बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "बसा ताई. आधी पाणी प्या. काही घाई नाही."

आवकताईंनी बाटली घेतली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, हे वाक्य मी नोंदवहीत नोंदवून ठेवणार हं. तारखेसकट!"

सगळे खो खो हसले. त्या पंधरा मिनिटं बसल्या. मग वाटाड्यानं त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि मागून बाकी सगळ्यांची रांग त्यांच्या चालीनं निघाली. गंमत अशी, की त्या उभ्या चढावर कोणालाही एकदासुद्धा थांबावं लागलं नाही. चारची बसही चुकली नाही.

धबधबा समोर आला तेव्हा आवकताई कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. खांब रचून ठेवावेत तशा काळ्या कातळावरून पाणी कोसळत होतं आणि तुषारांनी त्यांचा चष्मा भिजला होता.

"फायलीत उंची बावीस मीटर आहे. मीच नोंदवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "फारच कमी लिहिली की हो!"

गोष्ट इथं संपली असती. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता.

घरी दुपारची जेवणं चालली होती. साहेबांचं जेवण आटोपलं, लेकीचंही आटोपलं. शेवटी त्यांची बायको हात पुसत आली आणि ताट वाढून घेऊन बसली. लेक उठली. साहेब खुर्ची मागे सारत "चला..." म्हणाले आणि तो शब्द ऐकून स्वतःच दचकले.

ते पुन्हा बसले. लेकीलाही त्यांनी हातानं खुणावून बसवलं.

"काय झालं? काही हवंय का?" बायकोनं अर्धवट उठत विचारलं.

"काही नको. तू जेव. आम्ही बसलोय."

"ऑफिसात काही झालं का?" तिनं काळजीनं विचारलं.

साहेबांनी मग तिला भरल्या बाटलीची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता ती जेवत राहिली.

मित्रहो, मागे राहिलेल्या माणसासाठी आपण सगळेच थांबतो आणि थांबलो म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतो. पण तो येऊन पोचल्यावर आपण क्षणभर बसून राहतो का? त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत बसून राहणं, यालाच खरं थांबणं म्हणायचं. डोंगरावर तसं, कचेरीत तसं आणि घरात तर आधी तसं!

त्या दुपारी साहेबांची बायको अगदी सावकाश जेवली. एकेक घास चावून, मध्येच गोष्टी सांगत, पाणी पीत. एकोणीस वर्षं साहेब सगळ्यांना सांगत आले होते, की आमच्या हिला भराभर जेवायची सवय आहे.